लॉर्ना: लातूरच्या गाडीत भेटलेला आवाज

ट्रम्पेट म्हणजे वरात. लातुरात वाढलेल्या माझ्यासारख्या पोराच्या डोक्यात हे समीकरण इतकं पक्कं होतं की त्या वाद्याचा प्रेमाशी, विरहाशी किंवा एकटेपणाशी काही संबंध असेल असं कधी वाटलंच नाही. लाल कोट, सोनेरी झालर, हातगाडीवर घरघरणारा जनरेटर, आणि गाल फुगवून वाजवणारे काका. समोर नवरदेवाचे मित्र धुळीत लोळण घेत नागीण करतायत. एवढंच.

आणि जॅझ म्हणजे पुण्यातल्या महागड्या कॅफेत बिल येईपर्यंत मागे वाजणारं काहीतरी. ते कुणी मन लावून ऐकत असेल हेही मला खरं वाटत नव्हतं.

मग एका रात्री ऑफिसचं रिलीज अडकलं. सर्व्हर वर येईना, घरी जाता येईना. माझ्या टीममध्ये मडगावचा एक जण आहे. दोन वाजता त्यानं चॅटवर एक लिंक टाकली आणि लिहिलं, ‘ऐक, झोप उडेल.’ गाण्याचं नाव होतं ‘बेबदो’. मी हेडफोन लावले. आधी ट्रम्पेट आला. वरातीतलाच ट्रम्पेट, पण अंघोळ करून, इस्त्रीचे कपडे घालून आल्यासारखा. आणि मग एक बाईचा आवाज आला. नाजूक नाही, मंजुळ नाही. भरदार, थोडा खरखरीत, पुढ्यात येऊन उभा राहणारा. त्या आवाजाला कुणी ‘कोकिळा’ म्हणत असेल असं वाटलं नाही, पण गोव्यात तिला तसंच काहीसं म्हणतात, हे नंतर कळलं.

तिचं नाव लॉर्ना कोर्देरो. गोव्यात नुसतं ‘लॉर्ना’ म्हटलं तरी पुरतं. आणि आमच्याकडे? लातूर-नांदेडच्या माझ्या एकाही मित्राला हे नाव माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. एका राज्याच्या सीमेपलीकडे एवढी मोठी गायिका होऊन जाते, तीही आपल्याच मुंबईत गाऊन, आणि आपल्याला पत्ता लागत नाही. हे कसं होतं, ते शोधण्यात माझे पुढचे काही महिने गेले.

कुर्डुवाडीच्या पुढे

सहकाऱ्यानं नंतर मला बारा गाण्यांची यादी पाठवली. शुक्रवारी पनवेल-नांदेड एक्स्प्रेसनं घरी जाताना मी ती उतरवून घेतली होती, कारण कुर्डुवाडीच्या पुढे नेटवर्कचा भरवसा नसतो. वरच्या बर्थवर पडून मी ती यादी एका अल्बमसारखी पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकली. लातूर आलं तेव्हा बाहेर काळोख होता आणि मी तिसऱ्यांदा पहिल्या गाण्यावर आलो होतो.

खरं तर ही गाणी अल्बम म्हणून जन्मलेलीच नाहीत. तो जमाना छोट्या, ४५ आरपीएमच्या तबकड्यांचा. दोन नाहीतर चार गाणी एका तबकडीवर यायची. एचएमव्हीनं अशी कोंकणी गाणी काढली. त्यांची माळ नंतर कॅसेटवाल्यांनी, मग सीडीवाल्यांनी आणि आता आपल्या फोनमधल्या ॲपनं ओवली. पण सलग ऐकताना त्यातून एक गोष्ट उभी राहते. प्रेमात पडणं, वाट पाहणं, रुसणं, चिडणं आणि शेवटी एकटं उरणं.

भाषा कळायला पहिल्यांदा त्रास झाला. दुसऱ्यांदा कमी झाला. तिसऱ्यांदा मी चकित झालो, कारण अर्ध्याहून जास्त मला आधीच येत होतं. ‘पिसो’ म्हणजे वेडा. आपण ‘वेडापिसा’ म्हणतो, त्यातलाच. ‘नाचूं-या’ म्हणजे नाचूया. ‘कुंपास’ मात्र पोर्तुगीज ‘कॉम्पासो’वरून आलेला, अर्थ ताल. ‘नाचूं-या कुंपासार’ म्हणजे तालावर नाचूया. पोर्तुगीज शब्द म्हणून नाक मुरडायचं कारण नाही, कारण लातूरच्या बाजारातले बटाटा, कोबी, चावी आणि महिन्याचा पगारही तिकडूनच आलेत.

एक शब्द मात्र माझ्याकडे नव्हता. मोग. म्हणजे प्रेम, पण आपल्या ‘प्रेमा’सारखं पुस्तकी नाही. आमच्याकडे ‘माझं तुझ्यावर प्रेम आहे’ हे वाक्य सिनेमात बोलतात. घरात कुणी बोललेलं मी ऐकलेलं नाही. ‘मोग’ मात्र तिकडे रोजच्या बोलण्यात असतो. निरोप घेतानाही लोक ‘मोग आसूं’ म्हणतात. प्रेम असू दे. आमच्याकडे निरोपाला ‘येऊ का’ म्हणतात, त्यात परत येण्याचं आश्वासन असतं. त्यांच्याकडे माया मागे ठेवून जातात.

चर्चमधली नोटेशन, चर्चगेटमधलं जॅझ

कोंकणी गाण्यात जॅझ आलं कुठून? याचं उत्तर गोव्याच्या चर्चमध्ये सुरू होतं. पोर्तुगीज काळात गावोगावच्या चर्चशी जोडलेल्या शाळांमध्ये मुलांना पाश्चात्त्य संगीताची स्वरलिपी शिकवत. मिस्साला गाणारं, व्हायोलिन वाजवणारं कुणीतरी हवं, एवढाच हेतू. पण त्यातून कागदावरचे सूर वाचता येणाऱ्या माणसांच्या पिढ्या तयार झाल्या. देशात ही विद्या फार थोड्यांकडे होती. गोव्यात रोजगार कमी होता, त्यामुळे हे वादक बाहेर पडले. ब्रिटिश पलटणींचे बँड, संस्थानिकांचे बँड, बोटी, मूकपटांच्या थेटरातले वाद्यवृंद, जिथं काम मिळेल तिथं ते गेले. सगळ्यात जास्त गेले मुंबईला. धोबीतलावच्या जेर महलसारख्या इमारतींत एकेका गावाचा ‘कूड’ असायचा. म्हणजे त्या गावच्या माणसांसाठी स्वस्तातली राहायची जागा. खलाशी आणि वादक तिथं ट्रंका ठेवून असायचे. आपल्या लातूर-नांदेडची पोरं पुण्यात कॉट बेसिसवर राहतात, तसंच.

१९३५ मध्ये लिऑन ॲबी या कृष्णवर्णीय अमेरिकन बँडमास्तराचा जॅझ बँड मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवायला आला. त्याच्या मागोमाग टेडी वेदरफोर्डसारखे पियानोवादक आले. अमेरिकेत ज्यांना गोऱ्यांच्या हॉटेलात पुढच्या दारानं शिरता येत नव्हतं, ते मुंबईत स्टेजवरचे राजे होते. त्यांच्या शेजारी बसून गोव्याच्या वादकांनी जॅझ उचललं. नोटेशन येतच होतं. नोटेशनच्या बाहेर कसं पडायचं, ते आता शिकले.

स्वातंत्र्यानंतर मुंबई इलाख्यात १९४९ चा दारूबंदी कायदा आला आणि नाइटक्लबांचा धंदा आटला. तरीही चर्चगेटच्या आसपास सूर टिकून राहिले. ॲस्टोरिया हॉटेलातलं ‘व्हेनिस’, रिट्झमधलं ‘लिटल हट’, गेलॉर्ड ही त्या काळातली नावं. १९५८ मध्ये डेव्ह ब्रुबेक, १९६३ मध्ये ड्यूक एलिंग्टन आणि १९६४ मध्ये लुई आर्मस्ट्राँग मुंबईत वाजवून गेले. अमेरिकन सरकारच जॅझवाल्यांना दूत म्हणून जगभर पाठवत होतं. शीतयुद्ध चालू होतं. पाहुणे वाजवून परत गेले की रोजची रात्र मात्र गोव्याच्याच वादकांची असायची.

आणि दिवसा? दिवसा तेच लोक सिनेमाच्या स्टुडिओत. हा भाग वाचताना मला सगळ्यात जास्त मजा आली, कारण इथे आपली माणसं भेटतात. सी. रामचंद्र, म्हणजे नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर. भगवानदादा, म्हणजे भगवान आभाजी पालव, गिरणगावातले. या दोघांचा १९५१ चा ‘अलबेला’. त्यातली पाश्चात्त्य ढंगाची गाणी आजही आपल्या गणपतीत वाजतात. त्या संगीतामागे उभा होता बार्देशमधल्या हळदोण्याचा आंतोनिओ शाव्हियेर वाझ, ज्याला मुंबई ‘चिक चॉकलेट’ म्हणायची. ट्रम्पेटवादक, ‘भारताचा लुई आर्मस्ट्राँग’. संगीतकार पेटीवर चाल सुचवायचा. ती चाल चाळीस-पन्नास वादकांत कशी वाटायची, कुणी कधी काय वाजवायचं, हे कागदावर लिहिणारा बहुतेक वेळा गोव्याचा असायचा. सेबॅस्टियन डिसूझा, फ्रँक फर्नांड, अँथनी गोन्साल्विस. यातल्या गोन्साल्विस मास्तरांकडे प्यारेलाल व्हायोलिन शिकले. १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’तल्या त्या प्रसिद्ध गाण्यात नायक स्वतःचं जे नाव सांगतो, ते प्यारेलालनी गुरूला केलेलं वंदन. आपण वर्षानुवर्षं ते नाव विनोद म्हणून ऐकत आलो.

आमच्या भाषेत सांगायचं तर संगीतकार हे ॲपचं तोंड, आणि हे लोक बॅकएंड. ॲप चाललं की टाळ्या तोंडाला मिळतात.

क्रिस आणि लॉर्ना

क्रिस पेरी यातलाच एक. मडगावच्या बोर्डा भागातला, जन्म १९२८. मूळ आडनाव परेरा. ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन वाजवायचा, गाणी बांधायचा, बँड चालवायचा, आणि शिस्तीचा इतका कडक की त्याच्या बँडमधले लोक त्याला टरकून असत. साठच्या दशकात त्याला लॉर्नाचा आवाज सापडला. ती तेव्हा अगदी कोवळ्या वयाची होती. त्यानं तिला घडवलं, घासूनपुसून घेतलं, आणि ‘व्हेनिस’मध्ये क्रिस पेरीचा ट्रम्पेट आणि लॉर्नाचा आवाज ही जोडी जमली. तिथं ती इंग्रजी गाणी गायची. पण इतिहास घडला तो कोंकणी गाण्यांत.

कोंकणी गाणं आधीपासून होतंच. पहिलं तियात्र, म्हणजे गाण्यांसकट कोंकणी नाटक, १७ एप्रिल १८९२ ला मुंबईतच झालं. त्याआधीपासून मांडो होते, लोकगीतं होती. क्रिस पेरीनं काय केलं, तर या भाषेला जॅझचा बँड दिला. चा-चा-चाचा ठेका, ब्रासचे तुकडे, मधेच स्विंग, आणि वर गावाकडची बोली. लिस्बनचं नाव घेणारं गाणंही त्यात आहे आणि गल्लीतल्या दारुड्याचंही.

लॉर्ना गाते कशी? मला संगीतातलं शास्त्र कळत नाही, पण ऐकून ऐकून तीन गोष्टी लक्षात आल्या. एक, ती ठेक्याला चिकटून गात नाही. शब्द किंचित उशिरा सोडते. आमच्या धंद्यात उशीर म्हणजे लेटन्सी, म्हणजे दोष. इथं तोच उशीर ऐकणाऱ्याला पुढे ओढतो. लावणीत बाई शब्दावर थांबते आणि ढोलकीवाला वाट पाहतो, तसं. दोन, तिचा आवाज आणि ट्रम्पेट यांचं बोलणं चालू असतं. ती एक ओळ संपवते, ट्रम्पेट उत्तर देतो. आपल्या फडातला सवाल-जवाबच हा. तीन, ती लाजत नाही. त्या काळातल्या आपल्या सिनेमातल्या नायिका प्रेमाचं गाणं खालमानेनं गायच्या. ही मान वर करून गाते.

बोली की भाषा

ही गाणी ज्या वर्षांत तयार होत होती, ती वर्षंही पाहायला हवीत. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला. पुढचा प्रश्न आला की गोवा महाराष्ट्रात घालायचा का? १६ जानेवारी १९६७ ला त्यावर जनमत कौल झाला. विलीनीकरणाच्या बाजूनं १,३८,१७० मतं, विरोधात १,७२,१९१. सुमारे ३४ हजारांच्या फरकानं गोवा वेगळा राहिला. वादाच्या मुळाशी भाषा होती. कोंकणी ही स्वतंत्र भाषा की मराठीची बोली? १९८७ मध्ये गोवा राज्य झालं, आणि १९९२ मध्ये कोंकणी राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत आली.

मी शाळेत ‘कोंकणी ही मराठीची बोली’ असं ऐकतच वाढलो. कधी प्रश्न पडला नाही. पण पुण्यात नोकरीला लागल्यावर पहिल्याच आठवड्यात मी एकाला विचारलं, “काय करायलास?” आणि अख्खं टेबल हसलं. नंतरचे सहा महिने मी ‘करतोयस’ म्हणायला शिकत होतो. आपली बोली म्हणजे कुणाच्या तरी भाषेची चुकलेली आवृत्ती आहे असं मानलं की काय वाटतं, ते मला तेव्हा कळलं. मराठवाडाही उशिराच आला. निजामाच्या राज्यातून १७ सप्टेंबर १९४८ ला सुटला, १९५६ ला मुंबई राज्यात, १९६० ला महाराष्ट्रात. आम्ही विलीन झालो, ते झाले नाहीत. बरोबर कोण, हे ठरवायला मी बसलेलो नाही. पण ज्या बोलीला लोक स्वयंपाकघरातली समजत होते, तिच्यात चर्चगेटच्या झगमगाटातल्या बँडसोबत प्रेमगीत गाणं याचा त्या लोकांना केवढा आधार वाटला असेल, एवढं मी समजू शकतो.

मौन

आता अवघड भाग.

क्रिस पेरी विवाहित होता. त्याचं आणि लॉर्नाचं नातं सुरांपुरतं नव्हतं, हे गोव्यात उघड गुपित. सत्तरच्या दशकात ते तुटलं. तिनं दुसऱ्या कुणासोबत गायचं नाही, असा करार त्यानं तिच्याकडून करून घेतला होता, असं या जोडीबद्दल पुन्हा पुन्हा लिहिलं गेलं आहे. ते दोघे वेगळे झाले आणि लॉर्ना गायची थांबली. दोन दशकांहून जास्त काळ. तिच्या तबकड्या गोव्यातल्या लग्नांत वाजत होत्या, लोक त्यावर नाचत होते, आणि ती स्वतः मुंबईत चार माणसांसारखी नोकरी-घर करत जगत होती.

मी हे वाचलं आणि ती प्रेमगीतं परत लावली. आता ती वेगळी ऐकू आली. चाल त्याची, शब्द त्याचे, ट्रम्पेट त्याचा. फक्त आवाज तिचा. आणि तोही त्याच्या परवानगीवर. प्रेमाची एवढी सुंदर गाणी बांधणारा माणूस प्रेमाच्या माणसाशी असा वागू शकतो का? वागू शकतो. गाणं सुंदर असणं हा कुणाच्या चांगुलपणाचा दाखला नसतो. मला क्रिस पेरीचं संगीत आवडतं, आणि हे लिहिताना त्याचा रागही येतो. दोन्ही खरं आहे.

१९९५ मध्ये रॉनी मोन्सेरात या संगीतकारानं तिला परत गायला राजी केलं आणि ‘हॅलो लॉर्ना’ हा अल्बम आला. पन्नाशीला टेकलेली बाई वीसेक वर्षांनी माइकसमोर उभी राहिली. त्यानंतर ती स्टेजवरही परतली. क्रिस पेरी २००२ मध्ये गेला. बारद्रॉय बारेतो यांच्या ‘नाचूं-या कुंपासार’ या चित्रपटानं मग या जोडीची आठवण नव्या पिढीपर्यंत नेली. त्यात नावं बदललेली आहेत, पण गाणी क्रिस पेरीचीच. या चित्रपटाला ६२ व्या राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट कोंकणी चित्रपटाचा पुरस्कार मिळाला, आणि नायिका झालेल्या पालोमी घोषचा विशेष उल्लेख झाला.

सापडत का नाही

लॉर्ना एकटीच अशी नाही. मुंबईत जन्मलेली आशा पुथली अमेरिकेत गेली आणि १९७२ मध्ये आलेल्या ऑर्नेट कोलमनच्या ‘सायन्स फिक्शन’ या अल्बममध्ये दोन गाणी गायली. जॅझच्या इतिहासात मानाचं पान असलेला हा अल्बम; त्यातला आवाज मुंबईचा, हे आपल्याकडे किती जणांना ठाऊक आहे?

याचं एक कारण मला माझ्या धंद्यातून कळतं. गाणं ॲपवर असणं आणि सापडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गोव्यातली कोंकणी बरीचशी रोमन लिपीत लिहिली जाते, तीही पोर्तुगीज वळणाची. त्यात ‘एक्स’चा उच्चार ‘श’, आणि शब्दाच्या शेवटचा ‘एम’ म्हणजे नुसता अनुस्वार. मराठी माणूस ऐकून जे स्पेलिंग टाइप करेल, ते तिथं नसतंच. एकाच गाण्याची दोन-तीन स्पेलिंगं, कुठे गायिकेचं नाव आहे तर बँडचं नाही, कुठे उलटं. वर्षाच्या जागी गाणं जेव्हा ॲपवर चढवलं ते वर्ष. साठ वर्षांपूर्वीचं गाणं कालचं दिसतं. आणि अल्गोरिदम तुम्हाला तेच दाखवतो, जे तुमच्यासारख्यांनी आधी ऐकलंय. लातूरमध्ये कुणी ऐकलं नाही म्हणून लातूरमध्ये कुणाला दिसत नाही. हे चक्र आतून तुटत नाही. कुणीतरी मडगावचा रात्री दोनला लिंक पाठवावी लागते.

आई

त्या शनिवारी पहाटे घरी पोहोचलो. दुपारी जेवताना फोनवर लॉर्ना लावली. आई पोळ्या लाटत होती.

“कोण गायलीय रे ही?” तिनं विचारलं.

मी सांगितलं. मग सगळंच सांगितलं. करार, वीस वर्षं, परत येणं. मला वाटलं ती ‘अरेरे’ म्हणेल. ती म्हणाली, “परत लाव बरं.” आणि लाटणं थांबवून ऐकलं. “श्वास कुठं घेती बघ ही बाई. ओळ संपल्यावर नाही घेत. मधेच चोरून घेती. म्हणून शेवट लांबवता येतो तिला.”

मी चारशे वेळा ऐकलं असेल. मला हे दिसलं नव्हतं.

माझी आई नांदेडची. कॉलेजात असताना गॅदरिंगला गायची, भावगीतं. मामाकडे त्याची एक कॅसेट होती म्हणे. १९९४ मध्ये लग्न होऊन लातूरला आली, आणि मी तिला देवापुढच्या आरतीशिवाय काही गाताना ऐकलेलं नाही. हे मला माहीत होतं, पण माहीत असण्यासारखं काही आहे असं कधी वाटलं नव्हतं.

“तुला कुणी बंद कर म्हणलं होतं का?” मी विचारलं.

“कोण म्हणणार? तुझे पप्पा काय, आजी काय, कुणी एका शब्दानं बोललं नाही.” ती परत पोळी लाटायला लागली. “गा म्हणूनबी कुणी बोललं नाही.”

त्या ‘कुणी’मध्ये मीही होतो. एका अनोळखी गायिकेची वीस वर्षं शोधत मी कुठं कुठं वाचत बसलो होतो, आणि घरातली तीस वर्षं मला कधी मोजावीशी वाटली नव्हती. लॉर्नाच्या गप्प बसण्यामागे एक करार होता, एक माणूस होता, रागवायला कुणीतरी होतं. इथं तसं कुणी नाही. सगळे चांगलेच वागले आणि गाणं थांबलं.

मी म्हटलं, “मग आता गा की.”

“आवाज राहिलाय का माझा आता?” ती हसली. मी तिला ‘हॅलो लॉर्ना’ची गोष्ट परत सांगू लागलो, तर तिनं हातानंच थांबवलं. “आधी नांदेडला जाऊन पेटी घेऊन ये. भाता फाटलाय तिचा. दुरुस्त करून आण, मग बघू.”

पेटी आज्जीच्या घरी कपाटावर होती, जुन्या लुगड्यात गुंडाळलेली. पुढच्या वेळी नांदेडपर्यंतचंच तिकीट काढलं आणि ती खाली उतरवली. भात्याला दोन ठिकाणी भोक आहे, तीन पट्ट्या दाबल्या की वर येत नाहीत. दुरुस्तीवाल्यानं उघडून पाहिली आणि पंधरा दिवस लागतील म्हणाला. त्याला आठ दिवस झालेत. आई रोज फोनवर आधी जेवलास का विचारते, आणि मग पेटीचं.